डमडम नव्हे : शिशाच्या एका तुकड्याची तपासणी

आमच्या घरी, कर्जत तालुक्यातल्या जुन्या वाड्यात, आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शिशाचा एक तुकडा होता. शेतसाऱ्याच्या पावत्या, एक तुटका चष्मा आणि बंदुकीच्या परवान्याचा जीर्ण कागद यांच्याबरोबर तो एका चंचीत बांधून ठेवलेला असे. आकार चेपलेल्या बटाटवड्यासारखा. एक बाजू गोल, दुसरी बाजू पसरट, कडा किंचित मागे वळलेली. लहानपणी आम्हाला सांगण्यात आले की ही 'डमडम गोळी' आहे, भाई कोतवालांवर सिद्धगडावर गोळीबार झाला तेव्हाची. आजोबा नंतर तिकडे गेले आणि एका झाडाच्या खोडातून त्यांनी ती काढून आणली.

कर्जत, नेरळ, माथेरान या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल सांगायला नको. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे, जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी, वाड्यापाड्यांतून शाळा, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षपद हा त्यांचा आधीचा संसार. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. या दोन्ही ठिकाणांची वीज आमच्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाई आणि आमची घरे मात्र अंधारात असत, हे ध्यानात घेतले म्हणजे मनोऱ्यांवरच घाव का, हे समजते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. तेव्हापासून २ जानेवारी हा आमच्या भागात पंचांगात नसलेला, पण पाळला जाणारा दिवस आहे.

पंधरा वर्षांपूर्वी मी एका स्थानिक अंकात या गोळीवर लेख लिहिला. त्यात 'ब्रिटिशांनी बंदी असलेली डमडम गोळी हुतात्म्यांवर वापरली, तिचा पुरावा आमच्या घरी आहे', असे वाक्य मी लिहिले होते. ते वाक्य पुढे माझ्याही नावाशिवाय फिरत राहिले. गेल्या वर्षी एका शाळेने २ जानेवारीच्या कार्यक्रमात हा तुकडा काचेच्या पेटीत मांडण्यासाठी मागितला. पेटीखाली लावायचा मजकूरही मीच लिहून द्यायचा होता. तो लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की मी या तुकड्याचे साधे वजनसुद्धा कधी केलेले नाही. माझे शिक्षण कॉमर्सचे. इतिहास मी वाचून, विचारून आणि चुकून शिकलो. ही त्यातलीच एक चूक आणि तिची दुरुस्ती.

१

आधी डमडम म्हणजे काय ते पाहू. कलकत्त्याजवळ डमडम येथे कंपनी सरकारचा तोफखाना आणि दारूगोळ्याचा कारखाना होता. इतिहासात हे नाव दोनदा येते. १८५७ च्या जानेवारीत नव्या एन्फिल्ड काडतुसांना चरबी लावलेली असल्याची बोलवा पहिल्यांदा उठली ती डमडमला. चाळीस वर्षांनी त्याच जागी ती दुसरी गोळी जन्मली.

मधल्या काळात बंदूक बदलली होती. शिवकाळातल्या तोड्याच्या बंदुकीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोळी म्हणजे उघड्या शिशाचा गोळा किंवा शंकू. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, चावणीजवळच्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा झाडीतून सुटलेल्या गोळ्याही अशाच शिशाच्या असणार. शिसे मऊ, जड आणि चुलीवर वितळणारे. म्हणून ते गोळीला योग्य. पण गोळीचा वेग वाढत गेला, आणि उघडे शिसे नळीच्या आतल्या आट्यांत घासून तिथेच चिकटू लागले. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थूनच्या एडुआर्ड रुबिन या लष्करी अधिकाऱ्याने शिशावर तांब्याचे कवच चढवले. पुढे सगळ्या जगाने हीच रीत उचलली. ब्रिटिशांच्या ३०३ रायफलच्या मार्क दोन गोळीवर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कवच होते आणि तिचे वजन २१५ ग्रेन, म्हणजे सुमारे १३.९ ग्रॅम.

ही गोळी लांब जाई, सरळ जाई आणि शरीरातूनही सरळ आरपार जाई. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांनी तक्रार केली की गोळी लागूनही समोरचा माणूस थांबत नाही. डमडमच्या कारखान्याचे अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यांनी यावर काढलेला उपाय अगदी साधा होता. कवच टोकापर्यंत न नेता किंचित आधी थांबवायचे आणि टोकाशी जेमतेम एक मिलिमीटर शिसे उघडे ठेवायचे. गोळी शरीरात शिरली की उघडे शिसे चेपते, कवच सालासारखे मागे सोलले जाते आणि गोळी भूछत्रासारखी पसरते. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ही गोळी वापरली गेली.

म्हणजे डमडमची खूण शिसे चेपलेले असणे ही नव्हे. चेपलेले शिसे आणि त्याला चिकटलेले, फुलासारखे उमललेले कवच ही तिची खूण. पंधरा वर्षांपूर्वी मला एवढेही ठाऊक नव्हते.

२

गोळी शरीरात काय करते हे शरीरात न पाहता कसे कळणार? या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त उत्तर पाणी हे आहे.

बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक गलग्रंथीवरच्या कामासाठी मिळाले. पण १८७० च्या दशकापासून ते आणखी एका कामात गढले होते. ते निरनिराळ्या वस्तूंवर गोळ्या झाडत आणि त्या काय करतात ते टिपून ठेवत. त्यांच्या प्रयोगांतला गाभा असा. पत्र्याचा रिकामा डबा घ्या आणि त्यावर वेगवान गोळी झाडा. दोन भोके पडतात, डबा उभाच राहतो. तोच डबा पाण्याने भरून झाडा. डबा शिवणीतून फाटतो, झाकण उडते. गोळी तीच, वेग तोच, डबाही तोच. बदलले ते पाणी. पाणी दाबले जात नाही. गोळीने बाजूला ढकललेल्या पाण्याला जायला जागा नसते, म्हणून ते डब्याच्या भिंतींवर जाऊन आदळते. काही जखमांत आतून स्फोट झाल्यासारखे मांस का फाटते, याचा उलगडा कोखर यांनी या डब्यांवरून केला. त्या काळी युद्धात एकमेकांवर स्फोटक गोळ्या वापरल्याचे आरोप होत. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमखालच्या स्फोटक गोळ्यांना बंदी केली होती. कोखर यांनी दाखवले की गोळीत दारू नसतानाही ओलसर शरीर असेच फाटू शकते. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष माणुसकीचा होता. गोळी लहान हवी, कठीण हवी, न पसरणारी हवी.

स्नायूंमध्ये वजनाने सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि त्यांची घनता पाण्याहून थोडीशीच अधिक. म्हणून गोळीच्या तोंडावर पाणी जो दाब आणते तो मांसाच्या दाबाच्या जवळपास असतो. हे गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाइतके सोपे आहे. घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. सेकंदाला ७०० मीटर वेगाने पाण्यात शिरणाऱ्या गोळीच्या टोकावर वातावरणाच्या सुमारे २,४०० पट दाब येतो. ठासणीच्या बंदुकीतला गोळा सेकंदाला ३०० मीटरने शिरला तरी तो दाब साडेचारशे पटींच्या आसपास असतो. मऊ शिसे याच्या निम्म्या दाबालाही शरण जाते. हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट विरळ, म्हणून हवेत गोळीचे काही बिघडत नाही. पाण्यात शिरताच ती चेपू लागते आणि पहिल्या काही सेंटिमीटरांतच तिचा आकार ठरतो.

अमेरिकेतले शिकारी आजही हाच प्रयोग परसात करतात. दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पाण्याने भरून फळीवर एकामागे एक मांडायचे आणि टोकापासून गोळी झाडायची. एका कॅनची रुंदी सुमारे १५ सेंटिमीटर. पहिले दोन चिंधड्या होतात, पुढचे नुसते फुटतात, आणि चौथ्या-पाचव्याच्या तळाशी गोळी सापडते. किती कॅन फुटले यावरून ती किती खोल गेली ते कळते, व्यासावरून किती पसरली ते, आणि वजनावरून किती तुटून गेली ते. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळांतही संशयित बंदुकीची गोळी लांब हौदातल्या पाण्यात झाडून, न खरवडता परत मिळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मूळ गोळीशी ताडून पाहतात.

पाण्याची साक्ष सगळ्या बाबतींत सारखी खरी नसते. गोळी किती पसरेल ते पाणी जवळपास बिनचूक सांगते. किती खोल जाईल ते मात्र वाढवून सांगते, कारण मांसाला चिवटपणा असतो आणि पाण्याला नसतो. गोळी मंदावल्यावर मांस तिला धरून ठेवते, पाणी वाट देते. म्हणून पुढे अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी ४ अंश सेल्सियसला गार केलेले १० टक्के जिलेटीन हे प्रमाण धरले. त्या जिलेटीनमधल्या खोलीच्या दीडपटीहून जास्त खोली पाण्यात भरते. हाडाविषयी तर पाणी काहीच सांगत नाही.

३

या प्रयोगांचे राजकारण झाले ते १८९९ मध्ये. त्याची सुरुवात एका घोटाळ्याने झाली, आणि तो घोटाळा माझ्या घोटाळ्याचा थोरला भाऊ शोभेल असा होता.

जर्मनीत ट्यूबिंगेनचे शल्यचिकित्सक पाउल फॉन ब्रुन्स यांनी १८९८ मध्ये शिसे उघडे असलेल्या गोळ्यांचे परिणाम प्रसिद्ध केले. चित्र भयंकर होते, आणि युरोपभर हे डमडमचे चित्र म्हणून गाजले. पण ब्रुन्स यांनी झाडलेल्या गोळ्या डमडमच्या नव्हत्या. त्या माउझर रायफलच्या शिकारी गोळ्या होत्या आणि त्यांचे टोकाकडचे बरेच मोठे शिसे उघडे होते. स्टॅफिलोकॉकस जंतूचा शोध लावणारे ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. तुम्ही तपासले एक आणि नाव घेतले दुसऱ्याचे, असा त्यांचा मुद्दा होता. पुराव्याच्या कसोटीवर ऑगस्टन यांचे म्हणणे बरोबर होते, हे मला कबूल करावे लागते.

पण ब्रिटिशांची बाजू तिथेच थांबली नाही. १८ मे ते २९ जुलै १८९९ या काळात हेग येथे पहिली शांतता परिषद भरली. तिथे ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी मांडलेल्या युक्तिवादाचा सारांश असा : सुधारलेल्या देशाचा सैनिक लहान गोळी लागली तरी जखमी म्हणून मागे सरतो, रानटी माणूस मात्र भाला किंवा तलवार घेऊन अंगावर येतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. परिषदेने हा युक्तिवाद मानला नाही. शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या, गाभा पूर्ण न झाकणाऱ्या किंवा चिरा दिलेल्या कवचाच्या गोळ्या न वापरण्याचा जाहीरनामा २९ जुलैला झाला. मतदानात ब्रिटन आणि अमेरिका विरोधात, पोर्तुगाल तटस्थ. ब्रिटनने तो मान्य केला १९०७ मध्ये.

आर्डा यांचे म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यातला विचार शिकाऱ्याचा आहे. अंगावर येणारे जनावर जागीच थांबले पाहिजे, हे गणित हिंदुस्थानातल्या साहेबांनी शिकारीतच पक्के केलेले होते. मुंबई इलाख्याच्या फौजेतले, सिंधमधले जनरल जॉन जेकब यांनी स्वतःच्या रायफलसाठी फुटणारी गोळी बनवली. मध्य प्रांतातले कॅप्टन जेम्स फोरसिथ यांनी १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर आख्खे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा निसर्गअभ्यास आणि शिकार यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती. वाघ, अस्वल, डुक्कर यांच्यासाठी कोणती गोळी पसरावी आणि कोणती आत शिरावी, याचे ज्ञान वर्षानुवर्षे साचले होते. डमडमला ते माणसावर लावले गेले.

आजही कायद्यात ही दुहेरी रीत आहे. हेगच्या जाहीरनाम्याने युद्धातून काढून टाकलेली पसरणारी गोळी शिकारीत उलट सक्तीची असते. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा रायफलने हरीण मारायचे तर मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी हवी असे म्हणतो, कारण तिने जनावर लवकर मरते आणि जखमी होऊन रानात कुजत पडत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच थांबवली. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि कोकणात असे परवाने आजही आहेत. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, हा त्या घरांचा नेम. आमच्या घरची बंदूक आजोबांनंतर अशीच जमा झाली, ती परत आलीच नाही.

४

आता तो तुकडा. सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन २६ ग्रॅम भरले. त्याच क्षणी माझा लेख निम्मा खोटा ठरला. डमडमची गोळी असो वा मार्क दोन, ती १४ ग्रॅमच्या आत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ३०३ ची मार्क सात गोळी तर १७४ ग्रेनची, म्हणजे ११.३ ग्रॅम. पोलिसांकडे असणाऱ्या ४१० मस्केटच्या नळीत बसणारा शिशाचा गोळा सात ग्रॅमपेक्षाही हलका. शरीरातून गेलेली गोळी वजन गमावते, कमावत नाही. जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी ३१ ग्रॅमची, तेव्हा ती घटून २६ वर आली असेल का, एवढी एकच फट राहिली.

ओळखीतून एक निवृत्त बंदूकतज्ज्ञ भेटले. आयुष्यभर पाण्याच्या हौदातून गोळ्या काढून त्यांनी न्यायालयात साक्षी दिल्या होत्या. तुकडा भिंगाखाली धरून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक सांगू लागले. कवचाचा कणही नाही. रायफलच्या आट्यांची एकही रेघ नाही, म्हणजे नळी आतून गुळगुळीत होती. न चेपलेली बाजू गोलाचाच भाग आहे, मार्टिनीच्या शंकूसारखी तिची बैठक नाही. त्या गोलाईवरून मूळ व्यास सोळा मिलिमीटरच्या आसपास येतो. शिशाच्या घनतेने हिशेब केला तर २६ ग्रॅमचा गोळा १६.४ मिलिमीटरचा भरतो. जुळले. हा घरी साच्यात ओतलेला गोळा होता आणि ठासणीच्या बंदुकीतून सुटला होता.

"झाडाच्या खोडातून काढली म्हणतात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. लाकडात घुसलेल्या शिशावर तंतूंच्या रेघा उठतात, तोंड वेडेवाकडे होते. दगडावर आपटलेल्या शिशात कच रुतते. इथे तोंड सगळीकडून सारखे चेपलेले, कडा सारखी मागे वळलेली. त्यांनी कपाटातून हौदातल्या पाण्यात झाडलेला एक शिशाचा गोळा काढून शेजारी ठेवला. दोन्ही सख्खे भाऊ वाटावेत असे होते. "हा ओल्या, मऊ वस्तूत थांबलाय. पाणी म्हणा, मांस म्हणा."

मग त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. चेपलेल्या तोंडावर मधोमध, तिरप्या उजेडात, बारीक चौकटी दिसत होत्या. उभे-आडवे धागे. जाड्याभरड्या कापडाची वीण. शिसे इतके मऊ असते की कापडातून जाताना त्याची वीण कधीकधी तोंडावर उमटते. तसाच ठसा ठासताना वापरलेल्या फडक्याचाही असू शकतो, हे त्यांनी लगेच बजावले. पण आमच्याकडे बार ठासताना बहुधा काथ्या वापरतात हे मला ठाऊक होते. आणि फडक्याचा ठसा उमटलाच तर दारूच्या बाजूला, म्हणजे मागे, जास्त उमटायला हवा. मागची बाजू साफ होती.

रानडुक्कर कापड नेसत नाही.

५

माझी आत्या नव्वदीची आहे. डोळे गेले, स्मरण शाबूत आहे. तुकडा तिच्या तळहातावर ठेवला आणि काही न सांगता विचारले, "आत्या, हे काय आहे?"

तिने तो बोटांनी चाचपला. "मेला, कुठं सापडला हा तुला?"

"आजोबांच्या ट्रंकेत. कोतवालांवर झाडलेली गोळी ना ही?"

"कोतवालांची कुठली! तुझ्या आज्याची गोळी ती." मग ती बराच वेळ गप्प बसली. तिने सांगितले ते मी तिच्यासमोरच लिहून घेतले आणि तिला वाचून दाखवले. मुंबईच्या गोदीत मोठा धडाका झाला, त्याच्या आधीच्या थंडीतली गोष्ट. तिचा मामा गोदीत कामाला होता, म्हणून ते साल तिच्या पक्के लक्षात. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. म्हणजे १९४३ ची अखेर किंवा १९४४ ची सुरुवात, सिद्धगडानंतरचे एक वर्ष. भात झोडून झाले होते, शेतात वाल उभा होता आणि डुकरे रात्री वाल उकरत होती. आजोबांनी हाकारा घातला. हाकाऱ्याला वाडीतले कातकरी. संध्याकाळच्या अंधुक उजेडात झुडूप हलले, आजोबांनी बार काढला. झुडपात डुक्कर नव्हते. एक कातकरी गडी होता, कमरेला कांबळ्याचा तुकडा गुंडाळलेला. गोळी मागून कुल्ल्यात शिरली. गावच्या वैद्याने ती काढली. गडी वाचला, पण पुढे जन्मभर लंगडला. फौजदाराकडे कोणी गेले नाही. परवाना गेला असता, आणि त्या वर्षी पोलिसांना आमच्या गावात बोलावणे कोणालाच नको होते. घरून त्याला दर सुगीला भात जात असे. किती वर्षे, ते तिला आठवत नाही.

"मग कोतवालांचं कोणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं. पोरं विचारायची, ही काय म्हणून. काय सांगणार होता?"

पुरावा म्हणून याची किंमत काय, हे मी एखाद्या परक्या घराण्याच्या बाबतीत जसे तोलले असते तसे तोलून पाहिले. साक्षीदार एकच, तेव्हा नऊ-दहा वर्षांची मुलगी. मध्ये ऐंशी वर्षांचे अंतर. पण ती स्वतःच्या बापाच्या विरुद्ध साक्ष देते आहे, त्यात तिला मिळवायचे काही नाही. आणि कापडाच्या ठशाविषयी मी तिला अवाक्षर सांगितलेले नसताना तिने कांबळ्याच्या तुकड्याचा उल्लेख केला. शिशाने एवढेच सांगितले होते की गोळी गुळगुळीत नळीतून सुटली, कापडातून गेली आणि मऊ ओल्या शरीरात थांबली. पुढचे आत्याने सांगितले. दोन्ही स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी येतात. मी ते खरे मानतो.

६

शाळेला मी कळवले की तुकडा मांडता येणार नाही, आणि का ते सविस्तर लिहिले. मुख्याध्यापकांनी कारण पुन्हा विचारले नाही. ज्या अंकात मूळ लेख आला होता तो बंद पडला आहे, म्हणून दुरुस्ती इथे करतो आहे : सिद्धगडावर डमडम गोळ्या वापरल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही आणि कधीच नव्हता. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या बलिदानाला माझ्या शिशाच्या तुकड्याची गरज नव्हती, त्यामुळे त्यात उणे काही होत नाही. आमच्या घराचे मात्र होते. ज्या वर्षी आमच्या डोंगरात एक माणूस कातकरी-ठाकरांच्या पोटासाठी धान्यकोठी उभी करून मेला, त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या घरच्या बंदुकीने एक कातकरी जायबंदी केला, आणि मग आम्ही त्या गोळीला हुतात्म्याचे नाव देऊन मिरवले.

गेल्या मे महिन्यात वाडीवर गेलो. त्या गड्याचा नातू वीटभट्टीवरून नुकताच परतला होता. वयाने माझ्याएवढाच. कसे सुरू करावे ते सुचेना, म्हणून सरळ चंची सोडून तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि सांगितले. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, वजन अजमावले.

"भाऊ, आमाला ठाव हाय ना," तो म्हणाला. "आजा दाखवायचा जागा. म्हनायचा, डुक्कर समजून मारला मला." आणि थोड्या वेळाने, "भात येत व्हता तुमच्याकडून. मंग बंद झाला."

कधी बंद झाला, हे मी विचारले. त्याने सांगितलेल्या खुणांवरून तो आजोबा गेले त्या वर्षाच्या सुगीपासूनचा काळ निघतो. म्हणजे माझ्या वडिलांनी भात थांबवले आणि गोष्ट सुरू केली. या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमाराच्या आहेत.

तुकडा मी त्याला देऊ केला. त्याने घेतला नाही. मला म्हणाला, ठेव तुझ्याकडेच. तो आता ट्रंकेत नाही, माझ्या टेबलाच्या खणात आहे. सोबत एका कागदावर वजन, व्यास, आत्याची साक्ष आणि तारीख लिहून ठेवली आहे. त्या गड्याचे नावही त्यावर आहे. नातवाने ते छापू नको म्हणून सांगितले, म्हणून इथे दिलेले नाही.